ब्रेकच्या आवाजाची कैफियत

मोटारीच्या यंत्रात कुरकुर करणारे भाग पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची चालकाला सवयही होऊन जाते. परंतु पाय ब्रेकवर पडल्याबरोबर चाकाकडून एखादा अनोळखी स्वर उमटला, किंवा स्टिअरिंग हातात थरथरले, म्हणजे अत्यंत निष्काळजी माणसाचेही लक्ष तिकडे वेधते, आणि ते वेधावे हेच इष्ट आहे. दुर्दैव एवढेच की, वेधलेले लक्ष बहुधा तेथेच थांबते. गॅरेजात गेल्यावर 'ब्रेकमधून आवाज येतो' एवढी तीन शब्दांची तक्रार मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवली जाते, आणि तिच्यावरून कोणताही निकाल देता येत नसल्यामुळे तो नवे पॅड घालून पाहण्याची मामूल तजवीज करतो. आवाज आठ-पंधरा दिवस दबतो, पुन्हा सुरू होतो, आणि मालकाचा पैसा व मिस्त्रीची अब्रू दोन्ही खर्ची पडतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, ब्रेकच्या दोषाचे निदान आवाजाच्या जातीवरून जेवढे होते त्याहून कितीतरी अधिक तो केव्हा, कोणत्या वेगात, कोणत्या बाजूने आणि पायाच्या कोणत्या अवस्थेत येतो यावरून होते. आणि या सर्व गोष्टींचा प्रत्यक्ष साक्षीदार चालक असल्याने, त्याने दिलेली कैफियत जितकी तपशीलवार, तितकी दुरुस्ती नेमकी व स्वस्तात होते.

प्रथम ब्रेकच्या कामाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. गाडी थांबवणे म्हणजे तिची गतिज ऊर्जा उष्णतेत परिवर्तित करून ती हवेत सोडून देणे होय. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या ठिकाणी सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते; दीड लिटर साधे पाणी उकळीपर्यंत नेण्यास पुरेल एवढी ही उष्णता, ब्रेक जोराने लावला असता, चार-पाच सेकंदांच्या आत चाकांमागच्या थोड्याशा बिडाला आणि लायनिंगला सोसावी लागते. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे या कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे येतो, आणि म्हणूनच आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी योजना असते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. पेडलवर दिलेला दाब ब्रेक ऑइलच्या द्वारा कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो आणि दोन पॅड त्या तबकडीला दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात. ड्रमच्या व्यवस्थेत अर्धवर्तुळाकार शू, ज्यांना बाजारात लायनर म्हणतात, आतून फाकतात आणि बिडाच्या भांड्याच्या अंतर्भागावर घासतात. डिस्कचा कारभार उघड्यावर चालतो, ड्रमचा झाकणाआड. दोघांच्या तक्रारी निराळ्या असण्याचे निम्मे कारण यातच आहे.

एवढ्या दाबाने दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांवर घासत असता आवाज होत नाही, हेच खरे पाहता नवल आहे. सारंगीच्या तारेवरून गज फिरतो तेव्हा तार गजाला क्षणभर चिकटते, ताणली जाते, सुटते आणि पुन्हा चिकटते. डिस्क आणि पॅड यांच्यातही चिकटण्यासुटण्याचा हाच क्रम सेकंदाला हजारो वेळा घडू शकतो. त्यात डिस्क, पॅड आणि कॅलिपर यांची आपापली स्वाभाविक कंपने परस्परांच्या निकट आली की ती एकमेकांना पोसू लागतात, आणि काही मायक्रॉनांच्या हालचालीतून आख्खी गल्ली मागे वळून पाहील असा चीत्कार निर्माण होतो. या चीत्काराची कंपनसंख्या साधारणतः सेकंदाला १,००० पासून १५,००० पर्यंत कोठेही असू शकते, आणि माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो तो २,००० ते ५,००० चा पट्टा नेमका यातच येत असल्यामुळे हा आवाज असतो त्याहूनही मोठा भासतो. मात्र इतकी दाणादाण उडवणारा हा चीत्कार बहुतेक प्रसंगी निरुपद्रवी असतो. गाडी नेहमीच्याच अंतरात थांबते, आणि जीवितास काही अपाय नसतो.

हा उपद्रव डिस्क ब्रेकच्या जन्माबरोबरच आलेला आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली बर्मिंगहॅम येथे डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्या योजनेत पॅडच्या जागी तांबे होते, आणि धातूवर धातू घासून जो किंकाळ्यांचा गदारोळ होई तो असह्य असे. पुढे १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड याने ॲस्बेस्टॉसचे लायनिंग वापरून त्या किंकाळीचा पुष्कळसा बंदोबस्त केला. तरीही मोटारींत ड्रमचेच राज्य दीर्घकाळ राहिले. १९५३ साली फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, त्यानंतर डिस्कचा बोलबाला झाला. ॲस्बेस्टॉसने आवाज दाबला, पण त्याची धूळ फुप्फुसांना जीवघेणी आहे हे नंतर निर्विवाद ठरले आणि आधुनिक लायनिंगमधून ते हद्दपार होत गेले. जुन्या गाडीच्या लायनिंगात ते अद्याप असण्याचा संभव असतो, आणि नवीन लायनिंगची धूळही श्वासाबरोबर आत जाऊ देण्याजोगी नसतेच. म्हणून ड्रम उघडल्यावर तोंडाने किंवा हवेच्या पाइपने धूळ उडवण्याचा जो शिरस्ता अनेक ठिकाणी दिसतो तो मला फार अस्वस्थ करतो. ओल्या फडक्याने ती पुसून काढणे काही कठीण नाही.

निव्वळ चीत्काराला उपाय आहेत आणि ते साधे आहेत. पॅडच्या पाठीशी बसवलेली पातळ थराची पट्टी, जिला शिम म्हणतात, ती गंजून गळाली असेल तर नवी घालावी. पॅडच्या कडा कोनात घासलेल्या असाव्यात. आणि पॅडच्या पाठीला व ते ज्या खाचांत सरकते त्या खाचांना ब्रेकसाठीच बनवलेले ग्रीस अगदी थोडके लावावे. साधे ग्रीस येथे चालत नाही, कारण उष्णतेने ते पातळ होऊन ओघळते आणि रबरी भाग फुगवते. घासणाऱ्या पृष्ठभागाला तर कोणत्याही वंगणाचा स्पर्श होता कामा नये. तेलकट झालेले पॅड पुसून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही.

चीत्काराशी साम्य असलेला, पण अर्थाने सर्वस्वी भिन्न असा दुसरा एक आवाज आहे, आणि या दोहोंची गल्लत सर्वांत महाग पडते. अनेक पॅडांना पोलादाची एक लहानशी जीभ जोडलेली असते. नव्या पॅडचे लायनिंग सुमारे १० ते १२ मिलिमीटर जाड असते, ते झिजत दोन-तीन मिलिमीटरांवर आले की ही जीभ डिस्कला टेकते आणि बारीक, सलग 'किर्र' असा ध्वनी सुरू होतो. ही जीभ तेथे ठेवण्याचे प्रयोजनच मुळी सूचना देण्याचे आहे. ओळखण्याची खूण अशी की, साधा चीत्कार ब्रेक दाबल्यावर उमटतो, तर हा किर्र आवाज पुष्कळदा ब्रेक न दाबता, गाडी नुसती चालत असता येत राहतो, आणि ब्रेक दाबला की उलट थांबतो किंवा बदलतो. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला म्हणून समाधान मानणारे मालक पुष्कळ भेटतात. त्यांनी त्या आठवड्यातच पॅड बदलून घ्यावेत. सूचना न मानता गाडी हाकत राहिले तर लायनिंग संपून त्यामागची लोखंडी पाटी डिस्कवर घासू लागते, आणि पॅडांच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळतो. तशा अवस्थेतला खरखरीत, दगडावर सळई घासल्यागत आवाज कानी पडला तर गाडी पुढे हाकूच नये, ती ओढून न्यावी.

चिपळूणच्या एका गॅरेजात पावसाळ्याच्या दिवसांत पाहिलेली एक दुरुस्ती येथे सांगण्यासारखी आहे. कुंभार्ली घाट उतरून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी होती, आणि डाव्या पुढच्या चाकाकडून खरखर येत होती. मिस्त्रीने पाना हाती घेण्यापूर्वी त्यांना विचारले, "काका, आवाज पाय ठेवल्यावर येतो, का उचलल्यावर?" ते म्हणाले, "ठेवल्यावर. पण पॅड शिल्लक आहेत रे, मी बॅटरी लावून चाकाच्या फटीतून बघितलंय." मिस्त्री पुढे विचारीत गेला: गाडी एका बाजूला ओढते का, चाकाला जळका वास येतो का, हे केव्हापासून. मग चाक उतरले. बाहेरच्या पॅडवर पाच-सहा मिलिमीटर लायनिंग होते, काकांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते. आतल्या पॅडवर मात्र काहीही उरले नव्हते, आणि डिस्कच्या आतल्या अंगावर नखाला अडतील असे गोल चर पडले होते. "बाहेरनं दिसतं ते बाहेरचं पॅड, काका. आतलं बघायचं तर चाकच काढायला लागतं," एवढेच तो म्हणाला आणि कॅलिपरच्या मागची एक पिन पक्कडीने फिरवू लागला. ती फिरेना.

सारे रहस्य त्या पिनेत होते. लहान गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूस असतो; तो आतले पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचे पॅड ओढून घेतो. पिनांवरची रबरी टोपी फाटली, आत पाणी गेले, ग्रीस वाळून गंज चढला, की कॅलिपर सरकायचा थांबतो, आणि सगळे काम एकट्या आतल्या पॅडच्या वाट्याला येते. अशा चाकावर नुसते नवे पॅड घातले तर ते पुन्हा त्याच रीतीने संपणार हे उघड आहे. मिस्त्रीने दोन्ही पिना काढून पॉलिश पेपरने साफ केल्या, नव्या टोप्या व योग्य ग्रीस घातले, उजव्या चाकाच्याही पिना न विचारता सोडवून पाहिल्या, आणि पॅड दोन्ही चाकांचे मिळूनच बदलले. एकाच चाकाचे बदलले असते तर दोन बाजूंची पकड विषम होऊन गाडी ओढली असती. त्या दुरुस्तीतला सर्वांत स्वस्त भाग, म्हणजे ती रबरी टोपी, हाच दोषाचा मूळ धनी होता. पॅड बदलताना पिना हातांनी सरकवून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. मालकाने ती पाच मिनिटे आग्रहाने मागून घ्यावीत असे मला वाटते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात उद्भवणाऱ्या आवाजांपैकी कितीतरी मात्र आपोआप विरून जाणारे असतात. डिस्क उघड्या बिडाची असल्यामुळे एका ओल्या रात्रीत तिच्यावर तांबूस गंजाचा थर चढतो. सकाळी पहिल्या चार-सहा ब्रेकांना घासल्याचा आवाज येतो आणि पॅडांनी तो थर पुसून काढल्यावर थांबतो. त्यासाठी कोणतीही दुरुस्ती नको. गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर मात्र पॅडच्या आकाराएवढा गंजाचा ठसा डिस्कवर खोल बसतो, आणि तो पुष्कळ दिवस दर फेऱ्याला एकदा 'घस्स, घस्स' असा आवाज करीत राहतो. हँडब्रेक ओढून ओलसर जागी गाडी दीर्घकाळ ठेवल्यास मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात आणि गाडी प्रथम हलवताना मोठा 'धड्' असा आवाज होतो. म्हणून सपाट जागी दीर्घ मुक्काम असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडाची ओट लावणे आणि हँडब्रेक सोडून देणे अधिक श्रेयस्कर. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अकस्मात सुरू झालेली पत्र्यासारखी कर्कश घासाघीस बहुधा डिस्क आणि तिच्यामागचा संरक्षक पत्रा यांच्यात अडकलेल्या खड्याची असते. गाडी सावकाश थोडी मागेपुढे घेतल्याने तो खडा पुष्कळदा निसटून पडतो. आवाज ऐकून माणूस घाबरतो खरा, पण या जातीच्या आवाजांत भय नाही.

'टक्' असा एकच ठोका, तोही गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे निघाल्यावर पहिल्याच ब्रेकला येत असेल, तर पॅड आपल्या खाचेत सैल असून दिशा बदलताच एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाऊन आपटते. खाचेतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या हरवल्या किंवा मोडल्या की असे होते. खराब रस्त्यावर खडखड येते आणि ब्रेकवर पाय नुसता अलगद टेकवताच बंद होते, तीही याच घराण्यातली. याउलट, खडखड ब्रेकला मुळीच दाद देत नसेल तर शोध सस्पेन्शनमध्ये घ्यावा.

ड्रमच्या आवाजांविषयी फार सांगण्यासारखे नाही. त्यांत साठलेली धूळ हेच कुरकुरीचे नेहमीचे कारण, आणि साफसफाई हाच उपाय. मात्र ड्रम उघडलाच आहे तर चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का ते पाहून घ्यावे, कारण तेथे गळणारे ब्रेक ऑइल लायनरवर जाते आणि त्या बाजूचा ब्रेक कधी घसरतो, कधी नको तितका पकडतो.

आता थरथरीकडे वळतो, कारण आवाजापेक्षाही अधिक गैरसमज तिच्याविषयी आहे. ताशी ८० च्या वेगावरून ब्रेक लावताच स्टिअरिंग डावे-उजवे थरथरू लागते, पेडल पायाला खालून हलके धक्के देते, आणि निदान तयारच असते: डिस्क वाकली. बिडाची जाड तबकडी उष्णतेने वाकणे अशक्य नाही. पण रोजच्या वापरात ते क्वचितच घडते. बहुतेक गाड्यांत घडते ते असे की, डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही, आणि ही विषमता केवळ ०.०२ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसरा हिस्सा असली तरी ती हाताला जाणवू लागते. जाड भाग पॅडांमधून जाताना पिस्टन मागे रेटला जातो, पातळ भाग आला की पुढे सरकतो, आणि ब्रेकची पकड दर फेऱ्याला कमीअधिक होत राहते. चौदा इंची रिमच्या लहान गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर तोडते. ताशी ८० च्या वेगात ते सेकंदाला अकरा-बारा वेळा फिरते, ताशी ४० च्या वेगात सहाहून कमी वेळा. म्हणून डिस्कमुळे येणारी थरथर वेग उतरत जाईल तशी संथ, विरळ होत जाते, तर चीत्काराचा स्वर वेग कमी झाला तरी जवळजवळ एकाच पट्टीत राहतो. चाकाशी बांधलेला दोष आणि पृष्ठभागाच्या घर्षणातला दोष यांचा निवाडा या एका निरीक्षणाने होतो. त्याला ना जॅक लागतो ना पाना.

ही विषमता येते कोठून, याचे उत्तर विलक्षण आहे: कारण घडते एके दिवशी आणि परिणाम दिसतो कित्येक महिन्यांनी. डिस्क ज्या हबवर बसते त्यावर गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा पंक्चर काढून चाक परत चढवताना एका बाजूचे नट यंत्राने कचकचून आवळले गेले आणि दुसऱ्या बाजूचे कमी, तर डिस्क किंचित तिरपी बसते व फिरताना कडेला हेलकावते. हा हेलकावा डायल गेजने मोजतात आणि तो साधारणतः ०.०५ ते ०.१ मिलिमीटरांच्या आत असावा लागतो. आरंभी याने काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न लावता गाडी चालत असतानाही हेलकावणारा भाग दर फेऱ्याला पॅडला पुसटसा स्पर्श करून जातो, आणि काही हजार किलोमीटरांत तेवढाच भाग झिजून पातळ होतो. मग थरथर सुरू होते. पंक्चरची आठवण कोणालाच राहिलेली नसते, डिस्क लेथवर फेसिंग करून आणली जाते, गंजलेल्या हबवर तशीच बसवली जाते, आणि काही महिन्यांनी सर्व प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून डिस्क काढली की हब तारेच्या ब्रशने लख्ख करावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आणि निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावेत, आणि फेसिंगला देण्यापूर्वी डिस्कच्या अंगावर कोरलेली किमान जाडी मायक्रोमीटरने ताडून घ्यावी. तिच्याखाली गेलेली डिस्क कितीही सरळ केली तरी उष्णता पचवू शकत नाही.

दुसरे कारण आपल्या घाटांत घडते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. १,२०० किलोच्या गाडीला एवढ्या उतरणीत जवळजवळ ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी टाकावी लागते, म्हणजे ताशी १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. हवेचा आणि टायरांचा विरोध तिचा काही भाग घेतो. गिअर उतरवून गाडी चालवली तर मोठा भाग इंजिन घेते. वरच्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याची मात्र जवळपास सारी ऊर्जा डिस्कमध्ये जाते. तापलेल्या लायनिंगमधला राळेसारखा बंधक पदार्थ वायुरूप होऊ लागतो, जळका वास येतो आणि पकड ढिली पडते. अशा अवस्थेत घाट संपताच वाहनांच्या रांगेत पेडल घट्ट दाबून उभे राहिले की तापलेल्या पॅडमधले द्रव्य डिस्कवर त्याच एका जागी चिकटते. तेथे घर्षण निराळे होते, पुढे उष्णताही अधिक साठते, आणि डिस्कवर कायमचा डाग पडून थरथर सुरू होते. घाट उतरल्यावर थोडा वेळ ब्रेक न वापरता गाडी चालू ठेवावी, आणि थांबावेच लागले तर सपाटीवर पेडलवरचा दाब सोडून द्यावा. उतरताना गिअर कोणता असावा, याचा जुन्या एस.टी. चालकांचा ठोकताळा होता की ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरावे. तो आजही अचूक आहे.

थरथर पुढची की मागची हे ओळखण्यास हात आणि आसन पुरे आहेत. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढे. स्टिअरिंग स्थिर राहून आसन आणि फरशी थरथरत असेल तर मागे. मागच्या ड्रमचा संशय असल्यास मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून दांडा अगदी हलकेच ओढावा. थरथर आली तर ड्रम लंबगोल झाला आहे. जोराने ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी फिरेल, म्हणून ज्याला हात हलका ठेवण्याची खात्री नाही त्याने हा प्रयोग मिस्त्रीवर सोपवावा. थरथर ब्रेक न लावताच ताशी ८० ते ११० च्या दरम्यान येत असेल, तर ब्रेक निर्दोष असून व्हील बॅलन्सिंग करून घ्यायचे आहे. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी 'घों' अशी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते; स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना येणारे 'कट्कट्' ॲक्सलच्या सांध्याचे. हे सर्व आवाज चाकाजवळूनच येत असल्याने आळ नेहमी ब्रेकवर येतो.

काही आवाज तर यंत्र सुस्थितीत असल्याची ग्वाही देणारे असतात. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचा आहे. निसरड्या रस्त्यावर पेडल जोराने दाबले असता ते पायाखाली धडधडते आणि कर्र असा खडबडीत आवाज येतो, तेव्हा ती यंत्रणा चाक जाम होऊ न देण्याचे आपले काम करीत असते. त्या क्षणी दचकून पाय उचलणे हाच खरा धोका आहे; पाय तसाच रोवून धरावा. गाडी सुरू करून निघाल्यावर थोड्याच अंतरात येणारा बारीक गुणगुणाट ही एबीएसची स्वतःची तपासणी असते. पेडल दाबताना क्षणभर फुस्स होणेही, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरच्या बाबतीत, स्वाभाविक. परंतु फुसफुस अखंड येत राहून पेडल दगडासारखे कठीण लागत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलेला असतो. त्याची परीक्षा अशी: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कठीण करावे, तसेच दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे, पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर धड आहे.

आवाजामागे धावताना ज्या दोषांना आवाजच नसतो त्यांचे विस्मरण होते, आणि माझ्या मते खरी भीती त्यांचीच बाळगावी. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. ताज्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ते ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल एकही आवाज न करता तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलणे हा किरकोळ खर्च आहे. टाकीतली पातळी हळूहळू उतरत असेल तर ती नुसती भरून टाकू नये. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि तेवढे ऑइल त्याच्यामागे जाते, तेव्हा उतरलेली पातळी ही पॅड तपासण्याची सूचना असते, आणि पॅड शाबूत असतील तर गळतीची. थोड्याशा प्रवासानंतर एकच चाक इतरांहून अधिक तापलेले आढळले, तर त्या चाकाचा कॅलिपर सुटत नाही किंवा रबरी नळी आतून सुजलेली आहे. तेथे बोट टेकवू नये, हाताची पाठ रिमजवळ नेली तरी फरक कळतो.

गॅरेजात जाण्यापूर्वी एक चक्कर केवळ ऐकण्यासाठी मारावी. काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून, कुंपणाच्या लांब भिंतीलगत गाडी सावकाश चालवली म्हणजे चाकांचा आवाज भिंतीवरून परतून स्पष्ट ऐकू येतो. आधी एक बाजू भिंतीकडे, मग उलट येऊन दुसरी. शेजारी कोणी बसवून त्याला मागच्या आसनावरूनही ऐकायला सांगावे. थंड असताना येतो की तापल्यावर, पुढे जाताना की मागे घेताना, वेगाबरोबर बदलतो की नाही, पाय ठेवल्याने सुरू होतो की थांबतो, एवढे चिठोऱ्यावर टिपून मिस्त्रीच्या हाती द्यावे, आणि जमल्यास त्याला शेजारी बसवून तोच आवाज काढून दाखवावा.

नवे पॅड बसवल्यानंतर पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडी कुरकुर राहते, ती पॅड आणि डिस्क यांचे पृष्ठभाग अद्याप जुळलेले नसल्यामुळे. ते जुळवण्याची रीत अशी की, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठाच्या वेगावरून मध्यम जोराने ब्रेक लावून गाडी दहापर्यंत आणावी, पूर्ण थांबवू नये, पुन्हा वेग घ्यावा, आणि असे आठ-दहा वेळा, दर दोन ब्रेकांत थोडे अंतर ठेवून करावे. नंतर दहा मिनिटे ब्रेकला हात न लावता गाडी चालवून सर्व थंड होऊ द्यावे. त्या दिवशी घाट मात्र उतरू नये.